फळ्यांच्या जमिनीखालची ओल आणि मातीवर अंथरायचा कागद

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचगणीत वाडवडिलांपासूनचे घर आहे. भिंती जांभ्याच्या, जोते साडेतीन फूट उंच, आणि पुढच्या दोन खोल्यांना सागवानी फळ्यांची जमीन. फळ्यांच्या वाशांखाली अडीच फुटांची पोकळी असून तिच्या तळाशी उघडी माती आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत फळ्या वाकल्या, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला आणि एका कोपऱ्यात पाय ठेवला की जमीन दबते. सुताराने फळ्या घासून वरून चकचकीत पॉलिश चढवून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. शेजारी स्ट्रॉबेरी करणाऱ्यांनी शेतात रोपांभोवतीची माती झाकून उरलेला मल्चिंगचा प्लॅस्टिकचा कागद मातीवर अंथरण्यास सुचवले, तर एका ठेकेदाराने फळ्या काढून पोकळी भरून घ्या आणि वर फरशी बसवा असे सांगितले. यांपैकी काय करावे, असे आपण विचारता.

मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरणे, म्हणजेच बाष्परोधक थर देणे, हाच आपल्या घराला योग्य उपाय आहे. मात्र तो मल्चिंगचा कागद नव्हे, आणि ते काम या महिन्यात करायचे नाही. सातारा, वाई आणि वर घाटमाथ्यावर जुन्या घरांची दुरुस्ती करण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत, आणि या कामात लोकांची फसगत होते ती बहुधा एकाच ठिकाणी: कागद मातीतून उठणारी वाफ अडवतो, वाहते पाणी अडवत नाही. पाण्याची वाट बंद करण्याआधी कागद अंथरला, तर पाणी कागदाखालून उपसून काढण्याचे नवे काम आपण स्वतःवर ओढवून घेतो. म्हणून कागदाचा क्रम सर्वांत शेवटी येतो.

प्रथम ओल कुठून येते ते ठरवू. फळ्या कशा वाकल्या आहेत हे नीट पाहा. एक पोलादी पट्टी फळीवर आडवी ठेवा. फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली गेला असेल, पट्टीखाली मधोमध फट दिसत असेल, तर फळीचा खालचा भाग वरच्यापेक्षा अधिक फुगला आहे, म्हणजे ओल खालून येते. मध्य वर आणि कडा खाली असतील, तर ओल वरून येते; बादलीभर पाण्याने रोज पुसण्याची सवय किंवा गळके छप्पर यांचा तो परिणाम असतो. आपण पाठवलेल्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. चकचकीत पॉलिशने तो वाढला असण्याचा संभव आहे, कारण खालून आलेला दमटपणा पूर्वी फळीतून वरही थोडा सुटत असे. आता वरची बाजू बंद झाली आणि खालची उघडी राहिली. फळ्यांवर विनाइल किंवा रबरी पाठीचा गालिचा टाकल्यानेही हेच होते.

दुसरी तपासणी मातीची. पोकळीत उतरून, हातभर लांब-रुंद, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर चौरस, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा मातीवर पसरा, त्याच्या चारही कडा मातीने दाबून बंद करा आणि चोवीस तासांनी पाहा. तुकड्याच्या खालच्या अंगाला थेंब धरले असतील तर ते मातीतून उठलेले आहेत. वरच्या अंगाला थेंब असतील तर ते पोकळीतल्या हवेतले आहेत, आणि तेथे मातीवर कितीही जाड कागद टाकला तरी तेवढ्याने भागणार नाही. पावसाळ्यात दोन्ही अंगांना थेंब दिसणे आपल्याकडे अगदी सामान्य आहे, म्हणून ही तपासणी एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत करावी. जानेवारीतही खालच्या अंगाला थेंब धरत असतील, तर माती बारमाही ओली आहे आणि पाण्याचा स्रोत जवळपास आहे असे समजावे.

पोकळीत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, कारण जुन्या घरांत वायरिंग वाशांच्या पोटाला खिळ्यांनी ठोकलेले असते आणि त्याचे आवरण उंदरांनी कुरतडलेले असते. स्वयंपाकघर शेजारी असेल तर सिलिंडरही बंद करा. तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो असल्या पोकळीतच साचतो. विंचू आणि घोणस यांच्याविषयी या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पायात बूट, हातात चामडी मोजे, तोंडाला मास्क, आणि वर हाक ऐकू येईल असा एक माणूस, एवढी तयारी पुरते.

आता पाण्याविषयी, आणि येथे मी जरा थांबणार आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच साताऱ्यातल्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. पाचगणी या दोहोंच्या मध्ये असली, तरी पावसाळ्याचे चार महिने तेथेही ओलेच असतात. याहून महत्त्वाचे म्हणजे जमिनीची घडण. वर सच्छिद्र जांभा, त्याखाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली काळा कातळ अशी ती आहे. जांभ्यात मुरलेले पाणी चिकण मातीपाशी अडते आणि मग आडवे वाहू लागते. डोंगर तोडून घर बांधले असेल तर ते घराच्या मागच्या अंगाला उपळते. आपल्या घराच्या मागे उतार आहे असे आपण लिहिले आहे. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये, सलग दोन-तीन दिवस झोड लागलेली असताना, टॉर्च घेऊन पोकळीत पाहा. माती सर्वत्र सारखी दमट आहे, की मागच्या भिंतीच्या पायथ्यापासून पाण्याचा ओघळ आत येतो आहे? माती सारखी दमट असेल तर कागद पुरेसा आहे. ओघळ असेल तर आधी चर.

चर घराच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला खणावा. रुंदी फूट-दीड फूट, खोली पोकळीतल्या मातीच्या पातळीखाली किमान अर्धा फूट, आणि उतार शंभर फुटांना एक फूट. तळाशी व बाजूंना जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड, त्यात १०० मिलिमीटरचा भोके पाडलेला पाइप, भोवती २० मिलिमीटर खडी आणि वरून कापडाची घडी. पाइपाचे तोंड घराच्या खालच्या अंगाला उघड्यावर सोडावे, म्हणजे पाणी येते की नाही ते डोळ्यांना दिसते. एक सावधगिरी मात्र पाळावी: जुन्या दगडी पायाला लागून, पायाच्या तळापेक्षा खोल चर कधीही खणू नये. असे खणल्यामुळे अख्खा कोपरा खचलेला मी पाहिला आहे. पाया किती खोल आहे ते ठाऊक नसेल तर चर भिंतीपासून पाच-सहा फूट दूर ठेवा. यासोबत छपराच्या पन्हळी दुरुस्त करा, त्यांचे पाणी जोत्यापासून लांब न्या आणि जोत्याभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत अर्धा फूट तरी बाहेरच्या बाजूला उतरती करा. निम्म्या घरांची तक्रार एवढ्यावरच मिटते, आणि मग कागदवाल्याला बोलावायची घाई राहत नाही.

पाण्याचा बंदोबस्त झाला की कागदाकडे वळू. शेतातला मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो एका हंगामासाठी बनवलेला असतो आणि त्याला रोपांसाठी भोके पाडलेली असतात. पोकळीत गुडघ्यावर रांगणाऱ्या माणसाच्या पहिल्याच फेरीत तो फाटेल. आपल्याला लागतो तो २५० मायक्रॉनचा, दुकानदाराच्या भाषेत १००० गेजचा, नव्या, म्हणजे पुनर्वापर न केलेल्या, प्लॅस्टिकच्या दाण्यापासून बनवलेला पॉलिथिनचा कागद. अमेरिकेत घरांखाली अशा पोकळ्या सर्रास असतात आणि तेथे १५० मायक्रॉनचा कागद रूढ आहे. आपल्याकडची खडबडीत माती, घुशी आणि कामाची पद्धत पाहता मी २५०च्या खाली जात नाही. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उत्तम, पण तो ताठ असल्यामुळे कोपऱ्यांत नीट बसत नाही आणि अडचणीच्या जागेत त्याच्याशी झटापट होते.

दुकानात ‘१००० गेज’ म्हणून काय गळ्यात मारतील याचा नेम नाही, म्हणून कागद वजनावर तपासावा. पॉलिथिनची घनता माहीत असल्यामुळे हिशेब सोपा आहे: २५० मायक्रॉनच्या एका चौरस मीटर कागदाचे वजन सुमारे २३० ग्रॅम भरले पाहिजे. मीटरभर चौरस तुकडा कापून काट्यावर ठेवा; १५० ग्रॅम भरला तर हातात १६० मायक्रॉनचा कागद आहे. पुनर्वापराच्या दाण्याचा कागद नाकालाही कळतो, कारण त्याला उग्र वास येतो, आणि दोन्ही हातांनी ताणला तर तो लांबण्याऐवजी फाटतो. असा माल बंद पोकळीत अंथरला तर घरात कुबट वासाच्या जागी प्लॅस्टिकचा वास येईल, एवढाच फरक.

किती कागद लागेल? आपली मोठी खोली ६ मीटर बाय ४.५ मीटर, म्हणजे २७ चौरस मीटर. चारही भिंतींवर ३० सेंटीमीटर चढवायचा म्हणून सव्वासहा चौरस मीटर, आणि ३ मीटर रुंदीच्या दोन पट्ट्यांच्या एका जोडासाठी पावणेदोन. एकूण ३५ चौरस मीटर, वजनात ८ किलो. खांबांभोवतीच्या ठिगळांसाठी किलोभर जास्त घ्या.

अंथरण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. माती तेव्हा सर्वांत कोरडी असते आणि वळिवाने अजून जोर धरलेला नसतो. पोकळीत हालचाल करता येत नसेल तर दर पाच-सहा फुटांवर एकेक फळी उचलून घ्यावी. उचलण्यापूर्वी प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक आणि दिशा लिहावी, कारण खाच आणि जीभ यांचे जुने जोड दुसऱ्या जागी बसत नाहीत. प्रथम तळ साफ करा. बांधकामाच्या वेळी टाकलेले लाकडाचे कपटे, जुन्या पाट्या, मुळे, पालापाचोळा असे वाळवीचे सगळे खाद्य बाहेर काढा. माझ्या अनुभवात पोकळीतून चार-पाच पोती कचरा निघाला नाही असे घर क्वचितच. मग माती एका बाजूला किंचित उतरती करून त्या टोकाला फूटभर खोल खड्डा घ्या. चुकून पाणी आलेच तर ते तेथे जमेल. टोकदार दगड वेचून वर दीड-दोन इंच चाळलेला मुरूम किंवा बारीक वाळू पसरा. वाळवीची फवारणी करायची असेल तर ती याच टप्प्यावर, परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि कागद त्यानंतर अंथरा. उलट क्रमाने केले तर औषध कागदावरच राहते.

कागदाच्या पट्ट्या खालच्या टोकाकडून वर अंथरत याव्यात, कौलांसारख्या, म्हणजे वरची पट्टी खालचीवर चढते. जोड एक फुटाचा ठेवावा. जोड चिकटवण्यासाठी खाकी टेप वापरू नका. दमटपणात ती दोन पावसाळ्यांत सुटून केळीच्या सालीसारखी लोंबते. ब्युटाइल रबराची दुहेरी चिकट पट्टी जोडाच्या आत घालावी आणि वरून रुंद टेप दाबावी. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठे कोरड्या फडक्याने पुसणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि मजूर नेमके तेच टाळतात. मी फडके स्वतःच्या हातात ठेवतो.

खरी अडचण भिंतीपाशी येते. जांभ्याच्या ओबडधोबड दगडावर कोणतीही टेप धरत नाही. त्यासाठी मातीपासून फूटभर उंचीचा पट्टा आधी गिलाव्याने सपाट करून घ्यावा, तो महिनाभर वाळू द्यावा, त्यावर ब्युटाइल पट्टी लावून कागद दाबावा आणि वरून पातळ अॅल्युमिनियमची पट्टी दर फुटावर स्क्रूने आवळावी. कागद कितीही वर चढवला तरी वाशांची टोके जिथे भिंतीत जातात त्याच्या खाली किमान तीन इंच भिंत उघडी सोडा. या उघड्या पट्ट्यावरूनच वाळवीचे मातीचे नळ वर चढताना दिसतात. तो झाकला तर वाळवी कागदाआडून लाकडापर्यंत पोहोचेल आणि आपल्याला ते जमीन खचल्यावर कळेल. मधल्या दगडी खांबांभोवती कागद कापून वेगळ्या तुकड्याची कॉलर गुंडाळावी, नेसत्या धोतराच्या काठासारखी, खालचा काठ मुख्य कागदावर चिकटवलेला.

आपला दबणारा कोपरा मात्र कागदाने सुधारणार नाही. पेचकस घेऊन तिथल्या वाशाच्या टोकाला टोचून पाहा. चांगल्या सागवानात तो नखाएवढाही शिरत नाही. तुमच्याकडे तो दोन बोटे आत जाईल असा माझा अंदाज आहे, आणि बाहेर येताना ओल्या तपकिरीचा चुरा घेऊन येईल. भिंत स्वतः पाणी शोषते आणि ते पाणी वाशाच्या पुरलेल्या टोकाला पाजते. मातीवरचा कागद या वाटेला हात लावत नाही. कुजलेले टोक निरोगी लाकडापर्यंत कापून काढावे, बाजूला नवा वासा बोल्टांनी जोडावा, त्याचे टोक भिंतीतल्या खोबणीत डांबरी फेल्टच्या तुकड्यावर टेकवावे आणि टोकाभोवती अर्धा इंच मोकळी जागा ठेवावी. ती सिमेंटने बुजवण्याचा मोह गवंड्याला होतोच. त्याला तेवढे सांगून ठेवा.

पोकळीत हवा खेळण्यासाठी जोत्यात ठेवलेल्या झरोक्यांविषयी मतभेद आहेत. परदेशी चित्रफितींमध्ये झरोके कायमचे बंद करून आत दमटपणा काढणारे यंत्र बसवलेले दिसते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत उघड्या मातीच्या पोकळीला दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका सांगितला आहे, आणि बाष्परोधक थर दिल्यावर हेच प्रमाण १५०० चौरस फुटांमागे एकापर्यंत उतरवण्याची मुभा आहे. मला यातून एवढेच घेण्यासारखे वाटते की कागद अंथरल्यावर झरोक्यांवरचा भार पुष्कळ हलका होतो. पाचगणीच्या ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओलीचिंब असते. ती आत घेऊन काही वाळणार नाही. महाबळेश्वरकडे पावसाळ्यापूर्वी भिंतींना वाळलेल्या गवताच्या झडी लावत असत, आता प्लॅस्टिक लावतात, तोच विचार झरोक्यांना लागू करावा: जून ते सप्टेंबर पश्चिमेकडचे, झड खाणारे झरोके फळकुटाने झाकावेत, समोरच्या बाजूचे उघडे ठेवावेत, आणि दसऱ्यानंतर सगळे उघडावेत. सहा मिलिमीटरची जाळी मात्र बारा महिने हवी, नाहीतर घुशी आत येऊन पहिल्या हिवाळ्यातच कागदाची चाळण करतील. यंत्राच्या मी विरोधात नाही, परंतु बंद ठेवलेल्या घरात, वीज जात-येत असताना, त्यावर विसंबणे मला पटत नाही.

काँक्रीट आणि फरशीच्या सल्ल्याबद्दल. नुसते काँक्रीट वाफ अडवत नाही. ते मातीतले पाणी टीपकागदासारखे वर ओढते, म्हणून त्याखालीही हाच कागद लागतोच. घुशींचा फारच उपद्रव असेल तर कागदावर दोन इंचांचा काँक्रीटचा थर टाकणे हा चांगला उपाय आहे. पण पोकळी पूर्ण भरणे म्हणजे भिंतींना मिळणारी हवा कायमची बंद करणे, आणि मग ओल फळ्यांऐवजी जांभ्यातून वर चढून गिलावा फोडू लागते. सांगलीत कृष्णाकाठच्या एका घरात मी फरशीखाली असाच कागद व्यवस्थित घातला होता. ऑगस्ट २०१९च्या पुरात पाणी वरून आले आणि कागदाने ते भरावात धरून ठेवले. बाहेर सगळे कोरडे झाल्यावर कितीतरी महिने त्या फरश्यांच्या सांध्यांतून पांढरा क्षार फुलत होता. पूररेषेतल्या घराला मी आता तो सल्ला देत नाही. आपल्या डोंगरावरच्या घराला पुराची भीती नाही, पण स्नानघराचा पाइप या पोकळीतून जात असेल तर त्याची गळती कागदावर साचेल, आणि म्हणूनच तो खड्डा घ्यायला सांगितला; त्यावर उचलता येणारी एक फळीही ठेवा.

काम झाल्यावर लाकडातला ओलावा मोजणारा, पिनांचा मॉइश्चर मीटर घ्या. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा दीर्घकाळ राहिला की बुरशीला पोसणारी स्थिती येते. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या हवेतले लाकूडही १८-२० टक्के दाखवते, म्हणून नुसत्या वाशाच्या आकड्याने घाबरू नका. त्याच दिवशी, जमिनीशी संबंध नसलेल्या खिडकीच्या चौकटीचा आकडाही घ्या. वासा २८ आणि चौकट १८ असेल तर मधला फरक मातीकडून किंवा भिंतीकडून आला आहे. दोन्ही आकडे जवळ येत चालले तर काम लागू पडले. वाशाच्या पोटावरच पेन्सिलीने तारीख आणि आकडे लिहावेत, कागदाचे चिठोरे हरवतात. लाकूड सावकाश वाळते आणि फळ्यांमध्ये फटी पडतील. त्या लगेच बुजवू नका, कारण पुढच्या पावसाळ्यात फळ्या पुन्हा थोड्या फुगतात आणि भरलेला मसाला कडा चेपून टाकतो. घासणे आणि पॉलिश एक पूर्ण पावसाळा पाहून, त्यानंतरच्या दिवाळीनंतर करावे, आणि त्या वेळी चकचकीत थराऐवजी तेल किंवा मेणाचे पॉलिश घ्यावे.